एक बोट की अडीच बोटे?

आमच्या भाच्याने गेल्या वर्षी दोन दारांची एक जुनी मोटार घेतली. मागे उतरत गेलेले छप्पर, पुढे दोघे ऐसपैस आणि मागे दोघे गुडघे पोटाशी घेऊन बसतील एवढी जागा. हिला म्हणे 'कूपे' म्हणतात. यंदा दसऱ्याला स्वारी नगरला (आता अहिल्यानगर म्हणावयाचे!) आली ती दोन खोकी घेऊनच.

"मामा, गाडी उंच दिसते. खाली बसवायची आहे. या खोक्यातल्या स्प्रिंगा २० मिलिमीटर खाली आणतात, त्यातल्या ४५. कुठल्या घालू?"

म्हणजे एक बोट की अडीच बोटे! मराठी शिकविणाऱ्या मास्तराला हा प्रश्न! पण स्प्रिंगेला आपण कमान म्हणतो आणि कमान म्हणजे फारसीत धनुष्य. तेवढ्या नात्यावर मी चौकशीला लागलो.

गाडी खाली आणणे हा निव्वळ नखरा नव्हे, वाचकहो. भार जमिनीजवळ आला की वळणावर गाडी कमी कलंडते. पण आखूड कमानीला दबावयास जागा थोडी, म्हणून ती कडक करावी लागते. तार एक दशांशाने जाड केली तर कमान जवळजवळ दीडपट कडक होते! मूळचे शॉकअप मऊ कमानीच्या बेताने केलेले असतात. कडक कमान त्यांना आवरत नाही आणि गाडी उसळत राहते. तेव्हा दोघांची पत्रिका जुळवूनच घ्यावी. कोणी जुन्याच कमानीचे वेढे कापून देतो म्हणाला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. चाक खड्ड्यात लोंबकळले की कापलेली कमान बैठकीतून सुटू शकते.

मग फूटपट्टी घेऊन मामा-भाचे गाडीखाली शिरले. पोटाखाली १४० मिलिमीटर मोकळे. एक बोट उतरविले तर १२० उरतात, अडीच बोटे उतरविली तर ९५.

आता गतिरोधक पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाचा गोलाकार उंचवटा ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर गाडीची चारही चाके चढतात, म्हणून पोटाखाली जेमतेम ५ सेंटिमीटर जागा पुरते. पण गावोगावी हौसेने घातलेला अरुंद बांध तितकाच उंच असला, तरी चाके त्याच्या दोन्ही बाजूंना खाली राहतात आणि सगळे १०० मिलिमीटर पोटाखाली येतात. ९५ वाली गाडी तिथे घासणारच!

घासण्याचा खर्च तरी भरून निघेल. माझी धास्ती वेगळी होती. दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू होतो. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला, पुढे कारखाने वाढले आणि रात्रीचे रस्ते उसाने भरलेले. बिनदिव्याची बैलगाडी समोर आली, ब्रेक दाबला की मोटारीचे नाक खाली जाते. नेमका तिथे खड्डा असला आणि कमानीला दबावयास जागाच उरली नसली, तर रबरी ठोकळ्यावर दणका बसून चाक उडते. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागत, ना ते वळत. मोटारवाल्याला निदान पट्टा असतो. उसावर पेंगणाऱ्या तोडणीवाल्याच्या पोराला काय असते?

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने ४५ च्या खोक्याला पुन्हा सुतळी बांधली.

"आणि २० च्याही लगेच घालू नकोस," मी म्हणालो. मोटारीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावले आहे. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात आणि विमावाल्याकडे विचारावयाचे, त्यांनी हो म्हटले तर जोडीचे शॉकअप घ्यावयाचे.

"मामा, एक बोट कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही हो!" तो कुरकुरला.

"न येवो," मी म्हणालो, "हात धू आणि फराळाला बस."