पुढे धावणाऱ्याचे ऋण

२५ जुलै १९७६ रोजी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ८०० मीटर धावण्याची अंतिम शर्यत झाली. पहिली फेरी संपल्याची घंटा वाजली तेव्हा आठ धावपटूंच्या अग्रभागी भारताचा श्रीरामसिंग होता. पहिले ४०० मीटर त्याने ५०.८५ सेकंदांत कापले होते. दुसऱ्या फेरीत क्यूबाचा अल्बर्टो हुआन्तोरेना पुढे सरसावला आणि १ मिनिट ४३.५० सेकंदांचा नवा जागतिक विक्रम नोंदवून विजयी झाला. १९७३ पासून इटलीच्या मार्चेल्लो फियास्कोनारोच्या नावावर असलेला विक्रम त्या दिवशी मोडला. श्रीरामसिंग १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवा आला. पदकांच्या तक्त्यात सातव्या क्रमांकाला स्थान नसते. तथापि या विक्रमाचे श्रेय खुद्द विजेत्याने श्रीरामसिंगच्या पहिल्या फेरीतील वेगाला दिले, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या तक्त्यात काहीतरी नोंदवावयाचे राहून गेले आहे, असे म्हणावे लागते.

मध्यम पल्ल्याच्या शर्यतीचे स्वरूपच असे आहे की, तिच्यात पुढे राहणे हा लाभ नसून खर्च असतो. आघाडीवर असलेल्याला हवेचा अवरोध एकट्याने सोसावा लागतो. वेग किती ठेवावा याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो आणि तो चुकला तर त्याची किंमतही तोच मोजतो. पाठीमागून धावणारा मात्र हवेच्या माऱ्यापासून थोडाफार वाचतो, निर्णयाच्या ताणातून मोकळा राहतो आणि आपली शक्ती अखेरच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर आघाडीचा वेग ही एक सार्वजनिक सेवा आहे. ती एकजण पुरवितो, उपभोग सर्वजण घेतात आणि मोल कोणीच देत नाही. साहजिकच प्रत्येकजण दुसऱ्याने पुढे व्हावे म्हणून थांबतो. विजेतेपदाच्या कित्येक शर्यती रखडत चालतात आणि शेवटच्या वळणावर निकाली निघतात, त्याचे कारण हेच.

व्यापारी तत्त्वावर भरणाऱ्या युरोपातील स्पर्धांनी या अडचणीवर तोडगा काढला आहे. तेथे 'ससा' म्हणून ओळखला जाणारा एक धावपटू पैसे देऊन नेमला जातो. ठरलेल्या वेगाने तो निम्म्याहून अधिक अंतर इतरांना खेचून नेतो आणि आपले काम झाले की बाजूला होतो. ऑलिंपिकमध्ये अशी सोय नाही. माँट्रियलमध्ये श्रीरामसिंगने केले ते भाडोत्री काम नव्हते; जिंकण्यासाठी उतरलेल्या एका सैनिकाने आपल्या बळावर केलेले ते धाडस होते. पहिल्या फेरीनंतर त्याला दुसरी फेरी धावण्यास जवळजवळ ५५ सेकंद लागले, एवढी त्या धाडसाची किंमत होती.

आघाडीवरच्या एकट्यामुळे सर्वांचा लाभ कसा होतो, याचे ठळक उदाहरण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसले. केनियाचा डेव्हिड रुडिशा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पुढे राहिला आणि १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा जागतिक विक्रम करून गेला. विशेष लक्षात घेण्याजोगा निकाल मात्र शेवटच्या क्रमांकाचा आहे. आठव्या आलेल्या धावपटूची वेळ १ मिनिट ४३.७७ सेकंद होती. माँट्रियलमध्ये बेल्जियमच्या इव्हो व्हान डामला १ मिनिट ४३.८६ सेकंदांत रौप्यपदक मिळाले होते. म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वी ज्या वेळेत दुसरा क्रमांक आला असता, ती वेळ देणारा आता सर्वांच्या मागे होता. एकाने वेग दिला आणि सात जणांनी तो घेतला. कारण घेता येईल इतक्या जवळ ते सातही जण होते.

भारतीय धावण्याचा खरा प्रश्न येथेच दडलेला आहे. श्रीरामसिंगची १ मिनिट ४५.७७ सेकंद ही वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८ पर्यंत टिकली. गुवाहाटीत केरळच्या जिन्सन जॉन्सनने १ मिनिट ४५.६५ सेकंद ही वेळ नोंदविली तेव्हा बेचाळीस वर्षे लोटली होती आणि प्रगती झाली होती ती १२ शतांश सेकंदांची. इतका दीर्घकाळ टिकलेला विक्रम आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. व्यक्तीच्या दृष्टीने तो अभिमान रास्तच आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने मात्र तो ताळेबंदातील गोठलेल्या भांडवलासारखा आहे. ज्याने जगाला वेग दिला, त्याच्या मागे स्वदेशात तो वेग घेणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

यावर असा आक्षेप घेता येईल की, माँट्रियलवर आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला होता आणि १९७२ चा कांस्यपदक विजेता, केनियाचा माइक बॉइट, तेथे धावलाच नाही. तेव्हा श्रीरामसिंगच्या कामगिरीचे मोल वाढवून सांगू नये. क्रमांकापुरता हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु घड्याळाला बहिष्कार ठाऊक नसतो. जागतिक विक्रम झाला तो त्याच शर्यतीत, आणि त्या विक्रमाची पहिली फेरी भारतीयाच्या मागून धावली गेली.

आपल्याकडे परंपरा निर्माण होण्याची शक्यताच नव्हती, असेही नाही. श्रीरामसिंगने १९७४ मध्ये तेहरानला आणि १९७८ मध्ये बँकॉकला आशियाई सुवर्णपदक मिळविले. १९८२ मध्ये दिल्लीत ते चार्ल्स बोरोमियोने जिंकले. या दोघांचेही मार्गदर्शक इलियास बाबर होते. लागोपाठ तीन सुवर्णपदके हा केवळ योगायोग नव्हे. एका जाणकाराच्या देखरेखीखाली वाढलेल्या पिढीचे ते फळ होते. त्यानंतर मात्र या शर्यतीतील पुढील आशियाई सुवर्णपदकासाठी भारताला २०१८ च्या जाकार्तापर्यंत छत्तीस वर्षे थांबावे लागले. तेथे मनजितसिंग पहिला आणि जॉन्सन दुसरा आला. दोन भारतीय एकाच वेळी तुल्यबळ असताना जुना विक्रमही मोडावा आणि सुवर्णही परत यावे, यात नवल नाही. २०२५ मध्ये महंमद अफसलने १ मिनिट ४५ सेकंदांची मर्यादाही ओलांडली.

तुलनेसाठी केनियाकडे पाहावे. माँट्रियलची शर्यत झाली त्याच १९७६ साली कोल्म ओकॉनेल हे आयरिश मिशनरी शिक्षक इटेन या गावातील सेंट पॅट्रिक्स शाळेत भूगोल शिकविण्यास आले. त्या शाळेच्या विद्यार्थ्यांमधून पीटर रोनोने १९८८ मध्ये सेऊलला १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले, विल्सन किपकेटरने पुढे डेन्मार्कतर्फे ८०० मीटरचे जागतिक विक्रम केले आणि तो विक्रम मोडणारा रुडिशाही ओकॉनेल यांच्याच हाताखाली घडला. उंचावरील हवेचा भाग यात निश्चित आहे. पण हवा तेथे शाळेच्या आधीपासून होती. नवे होते ते इतकेच की, मुले रोज एकत्र धावू लागली आणि प्रत्येकाच्या पुढे कोणीतरी आणि मागेही कोणीतरी असू लागले.

आपल्याकडे हे काम शाळेने नव्हे, सैन्याने केले. श्रीरामसिंग राजपुताना रायफल्सचा. जॉन्सन सैन्यातला. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावरच स्पर्धात्मक धावण्याकडे वळला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवून त्याने त्या शर्यतीतील केनियाची मक्तेदारी मोडली. सुवर्णपदक हुकले ते अवघ्या ५ शतांश सेकंदांनी. सैन्याचे हे ऋण मान्य करावयास हवे. परंतु जो मुलगा सैन्यात भरती होणार नाही, त्याच्यासाठी कोणता मार्ग आहे? जाकार्तात सुवर्ण जिंकले तेव्हा मनजितसिंगला नोकरी नव्हती, हे वास्तव पुरेसे बोलके आहे. पदक मिळाल्यानंतरची बक्षिसे हा फळाचा सत्कार झाला. रोपाला पाणी घालण्याचा तो पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून पदकविजेत्यावर एकरकमी खर्च करण्यापेक्षा दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाच्या धावपटूला वर्षभर धावता येईल एवढी निश्चित शिष्यवृत्ती देणे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांचे गट बांधून त्यांना कायम प्रशिक्षक देणे, हा खर्च अधिक उत्पादक ठरेल. तो वर्तमानपत्रात छायाचित्रासह छापून येणार नाही, हा त्याचा एकमेव दोष. श्रीरामसिंगचे माँट्रियलमधील ४०० मीटरही कोणत्याच तक्त्यात छापले गेले नाहीत. त्यांचा उपयोग क्यूबाला झाला. भारताला तो करून घेता आला नाही, कारण पुढे धावणाऱ्याचे ऋण फेडण्याची एकच रीत आहे आणि ती म्हणजे त्याच्या मागे धावणारे उभे करणे.