दूर उत्तरेचा गोट्यांचा किनारा

आपल्या नेरपासून समुद्र शेकडो मैल दूर. तेव्हा श्रमिकांच्या चळवळीतील माणसे आज आपल्याला समुद्रकिनाऱ्याची माहिती का सांगणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. परंतु ज्या किनाऱ्याविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचा दगड आणि त्याचा इतिहास हे दोन्ही आपल्या ओळखीचे आहेत.

हा किनारा आइसलंड बेटाच्या पश्चिम टोकाला, स्नाइफेल्सनेस नावाच्या भूशिरावर आहे. नाव जरा अवघड आहे : द्युपालोन्ससांदुर. आपण सुमारे २०॥ उत्तर अक्षांशावर राहतो. हे ठिकाण जवळजवळ ६५ अंशांवर, म्हणजे ध्रुववृत्ताच्या किंचित अलीकडे. राजधानी रेक्याविकहून रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर जायचे, मग लाव्हाच्या खडकांतून जाणाऱ्या पाऊलवाटेने खाली उतरायचे. समोर वाळू नाही. काळे, गुळगुळीत गोटेच गोटे. त्यांना तिकडे या किनाऱ्याचे मोती म्हणतात. २००१ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे आणि गोटे उचलून नेण्यास मनाई आहे.

हे गोटे झाले कसे? ज्वालामुखीचा रस थिजला, त्याचा बेसाल्ट खडक झाला. थंड होताना त्याला भेगा पडल्या, लाटांनी तुकडे सुटे केले, आणि ते एकमेकांवर घासून त्यांचे कोपरे झिजले. आपल्या नाल्यातले काळे गोटेही असेच घडतात. खडकही तोच. फरक वयाचा : आपल्या दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तिकडचा त्या मानाने अगदी अलीकडचा. आपल्याकडे त्याची झीज होऊन कापसाची काळी जमीन झाली. तिकडे अजून उघडा खडक आहे.

आज तो किनारा निवांत आहे. पण शेजारच्या द्रितविक खाडीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत मासेमारीचा मोठा तळ होता. हंगामात चाळीस ते साठ होड्या आणि दोनशेपासून सहाशेपर्यंत माणसे तेथे असत. होडीवर काम हवे असेल तर परीक्षा द्यावी लागे. किनाऱ्यावर चार गोटे आजही दाखवतात : फुल्स्टेर्कुर, म्हणजे पुरा बलवान, १५४ किलो, हाउल्फस्टेर्कुर, अर्धा बलवान, १०० किलो, हाउल्फद्राइत्तिंगुर, अर्ध्या वाट्याचा धनी, ५४ किलो, आणि आम्लोदी, म्हणजे कुचकामी, २३ किलो. तिसरा गोटा कमरेइतक्या उंच कठड्यावर ठेवता आला नाही, तर होडीत जागा नाही!

१५४ किलो म्हणजे किती? आपल्या जिनिंगमधली कापसाची गठाण १७० किलोंची असते. तिच्याकडे पाहिले की पहिल्या गोट्याची कल्पना येईल.

या परीक्षेत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणत नाही. वल्ह्यांची होडी, खवळलेला समुद्र. एक माणूस कमी पडला तर सर्वांच्याच जिवावर बेतायचे. यंत्राच्या बोटी आल्या तरी तो समुद्र निवळला नाही. १३ मार्च १९४८ रोजी ग्रिम्स्बीचे एपिन हे मासेमारी जहाज येथे फुटले. १४ खलाशी गेले, ५ वाचले. त्याचे गंजलेले लोखंड गोट्यांवर तसेच पसरलेले आहे. मृतांच्या स्मरणार्थ त्याला कोणी हात लावू नये, असा संकेत आहे.

परंतु गोटा एका क्षणाचे बळ मोजतो. माणसाला बळ वापरावे लागते ते दिवसभर आणि जन्मभर. हा विचार त्या देशालाही करावा लागला. यांत्रिक मासेमारी जहाजांवर खलाशी दिवसचे दिवस झोपेविना राबत. आइसलंडच्या कामगार संघटनांचा महासंघ १९१६ मध्ये उभा राहिला, आणि १९२१ मध्ये कायद्याने त्यांना चोवीस तासांत सहा तासांची विश्रांती मिळाली. १९२८ मध्ये ती आठ तासांची झाली. काम करण्याची लायकी मोजणाऱ्या समाजाने काम करून घेण्याची मर्यादाही मोजायला सुरुवात केली.

पुढे १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हाताने वाहायच्या ओझ्याविषयी करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. आता गंमत पाहा. त्या किनाऱ्यावर ५४ किलो ही कामाला लागण्याची किमान अट होती. जगाच्या जाणत्यांनी जवळजवळ तोच आकडा कमाल म्हणून मांडला. दगडाचे वजन तेच राहिले, प्रश्न मात्र उलटा झाला. ‘या माणसाला किती उचलता येते?’ याऐवजी ‘या माणसावर किती लादावे?’ असे विचारले जाऊ लागले.

महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला. नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी, या गोष्टी पाठीवर ओझे वाहणाऱ्याच्याही वाट्याला येऊ शकतात हे त्याने मान्य केले. तरीही शंभर किलोचे पोते एकाच पाठीवर चढताना आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि ‘गडी मजबूत आहे’ असे कौतुकही केले आहे. ते कौतुक म्हणजे त्या किनाऱ्यावरची जुनी परीक्षाच होय. तिकडे ते गोटे आता प्रवाशांच्या गमतीसाठी उरले आहेत. आपल्या बाजारातले पोते पन्नास किलोंपुढे भरायचे नाही, एवढे व्यापारी, शेतकरी आणि हमाल यांनी एकत्र बसून ठरवले, तर आपल्यालाही ती परीक्षा गमतीपुरती ठेवता येईल.