ट्रेलर ब्रेक नियंत्रक

ट्रेलर ब्रेक नियंत्रक हे मोटार वाहनामागे जोडलेल्या ट्रेलरचे विद्युत ब्रेक चालकाच्या आसनावरून चालवणारे उपकरण आहे. चालकाने ब्रेकचे पेडल दाबताच ते ट्रेलरच्या चाकांतील ब्रेककडे नियंत्रित विद्युतप्रवाह पाठवते. त्यामुळे ओढणारे वाहन आणि ट्रेलर यांचा वेग एकत्रितपणे कमी होतो. अमेरिका व ऑस्ट्रेलियात हे उपकरण सर्रास आढळते. भारतात त्याचा वापर मर्यादित आहे. जुन्या पिकअप वाहनासाठी त्याची निवड करताना ट्रेलरवरील ब्रेकचा प्रकार, वाहनाची विद्युत व्यवस्था आणि वाहनाच्या मूळ ब्रेकची स्थिती या तीन बाबी निर्णायक ठरतात.

आवश्यकता

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसल्यास त्याचे संपूर्ण वजन थांबवण्याचे काम पुढील वाहनाच्या ब्रेकवर पडते. १,५०० किलोग्रॅम वजनाच्या पिकअपला १,००० किलोग्रॅमचा ट्रेलर जोडल्यास त्याच वेगाला थांबवावी लागणारी गतिज ऊर्जा सुमारे १.६७ पट होते. उतारावर हा भार आणखी वाढतो. असे २,५०० किलोग्रॅमचे संयुक्त वाहन ८० मीटर उंची उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबताना लागणाऱ्या ऊर्जेच्या साडेपाच पटींहून अधिक असते. इंजिनाचा रोध न वापरल्यास यातील बहुतांश ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठते. ड्रम व लायनर अतितप्त झाले की घर्षण घटते आणि पेडल पूर्ण दाबूनही वाहन आवरत नाही. शिवाय ब्रेक नसलेला ट्रेलर पुढील वाहनाला मागून रेटतो; वळणावर त्यामुळे दोन्ही वाहने दुमडण्याचा धोका असतो.

ट्रेलर ब्रेकचे प्रकार

विद्युत ब्रेक : प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह मिळताच तो फिरणाऱ्या ड्रमच्या आतील पृष्ठभागाला चिकटतो, त्यासोबत किंचित ओढला जातो आणि तरफेद्वारे ब्रेकचे शू ड्रमवर दाबतो. या प्रकाराला नियंत्रक अनिवार्य असतो.

जडत्व ब्रेक : वेग कमी होताना ट्रेलर पुढे रेटला जातो; त्या रेट्यानेच जोडणीतील दांडा मागे सरकून ब्रेक लागतात. युरोपात ३,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या ट्रेलरसाठी हा प्रकार रूढ आहे. याला नियंत्रक लागत नाही.

विद्युत-द्रवीय ब्रेक : नियंत्रकाच्या संकेतावर ट्रेलरवरील पंप द्रवाचा दाब निर्माण करतो. सर्वच नियंत्रक या पंपाशी सुसंगत नसतात.

हवेचे ब्रेक : मोठ्या मालवाहू ट्रेलरमध्ये संपीडित हवेवर चालणारी ही पद्धत असते. महामार्गावरील ज्या लांब वाहनांना मराठी बोलीत ‘ट्रेलर’ म्हटले जाते, ती याच गटातील होत.

नियंत्रकाचे प्रकार

कालाधारित नियंत्रक : पेडल दाबताच ठरावीक गतीने प्रवाह वाढवत नेतो. चालकाने पेडल हलके दाबले की जोरात, याची त्याला जाणीव नसते. तो स्वस्त असून कोणत्याही कोनात बसवता येतो. मात्र अचानक थांबण्याच्या प्रसंगी ट्रेलरचे ब्रेक उशिरा लागतात.

प्रमाणबद्ध नियंत्रक : यातील लंबक किंवा त्वरणमापक वाहनाचा वेग किती झपाट्याने घटतो हे मोजून त्या प्रमाणात प्रवाह पाठवतो. घाटरस्त्यांसाठी हा प्रकार अधिक योग्य मानला जातो. लंबक असलेला नियंत्रक ठरावीक कोनातच बसवावा लागतो.

द्रवदाबाधारित नियंत्रक : हा जुना प्रकार वाहनाच्या मास्टर सिलिंडरच्या नळीला जोडला जात असे. जोडात गळती झाल्यास वाहनाचे स्वतःचेच ब्रेक निकामी होण्याचा धोका असल्याने तो मागे पडला.

बहुतेक नियंत्रकांवर हाताने चालवायची तरफ किंवा कळ असते. ट्रेलर दोन्ही बाजूंना झुलू लागल्यास तिच्या साहाय्याने केवळ ट्रेलरचे ब्रेक लावून त्याला सरळ करता येते.

जुन्या वाहनासाठी निवड

जुन्या पिकअपमध्ये संगणकीय जाळे नसल्याने ब्रेकच्या दिव्याचा संकेत पेडलजवळील स्विचवरून थेट घेता येतो. ही सोय असली तरी पुढील बाबी तपासणे आवश्यक असते.

व्होल्टेज : पिकअपची यंत्रणा सामान्यतः १२ व्होल्टची, तर अवजड ट्रकची २४ व्होल्टची असते. नियंत्रक व ट्रेलरचे चुंबक दोन्ही वाहनाच्या व्होल्टेजला अनुरूप असावे लागतात.

प्रवाह : प्रत्येक चुंबक पूर्ण क्षमतेवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह घेतो. दोन आसांच्या ट्रेलरमधील चार ब्रेकना त्यामुळे सुमारे १२ अँपिअर लागतात. हेडलाइट व इतर भारासह एवढा प्रवाह जुना अल्टरनेटर पुरवू शकतो का, हे पाहावे लागते.

तारा : पुढे-मागे मिळून १२ मीटर लांबीच्या १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून १२ अँपिअर प्रवाह वाहिल्यास सुमारे २.५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. तार ४ चौरस मिलिमीटरची असल्यास हा ऱ्हास सुमारे ०.६ व्होल्ट राहतो. व्होल्टेज घटले की चुंबकाची पकड सैल होते. म्हणून ट्रेलरच्या दिव्यांसाठी घातलेल्या बारीक तारा ब्रेकसाठी वापरू नयेत.

अर्थिंग : जुन्या सांगाड्यावरील गंज व रंगामुळे जोड कमकुवत होतो. नियंत्रकाची ऋण तार थेट बॅटरीपर्यंत नेणे आणि धन तारेवर योग्य क्षमतेचे सर्किट ब्रेकर बसवणे इष्ट असते.

मूळ ब्रेक : डिझेल वाहनात ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात इंजिनावर चालणाऱ्या पंपातून मिळते. पंप किंवा त्याची नळी जीर्ण असल्यास पेडल जड होते. असा दोष नियंत्रकाने दूर होत नाही. तो आधी दुरुस्त करावा लागतो.

जोडणीनंतर मोकळ्या, सपाट व कोरड्या रस्त्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने जाताना हाताची तरफ दाबून नियंत्रकाची तीव्रता ठरवतात. ट्रेलरची चाके जाम होण्याच्या किंचित अलीकडची तीव्रता योग्य समजली जाते. ट्रेलरमधील भार बदलल्यास हे समायोजन पुन्हा करावे लागते. जोडणी तुटून ट्रेलर निसटल्यास ब्रेक आपोआप लावणारा स्विच व त्याची स्वतंत्र बॅटरी हाही या यंत्रणेचा भाग आहे; अमेरिकेतील संघीय नियमानुसार व्यावसायिक ट्रेलरचे असे ब्रेक किमान १५ मिनिटे लागलेले राहावे लागतात.

पुणे परिसरातील स्थिती

पुणे शहरातून बाहेर पडणाऱ्या अनेक प्रमुख मार्गांवर घाट आहेत. मुंबईकडे बोर घाट, सासवडकडे दिवे घाट, साताऱ्याकडे कात्रज व पुढे खंबाटकी लागतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा दीर्घ उतार अवजड वाहनांच्या अपघातांमुळे चर्चेत राहिला आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तेथे एका मालवाहू वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून वाहन न्यूट्रलमध्ये चालवले जात होते, असे प्राथमिक तपासात पुढे आले. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य लवकर संपते आणि गिअरचा रोधही मिळत नाही.

पिकअपचा पुण्याशी जुना संबंध आहे. तत्कालीन टेल्कोने १९८८ मध्ये पुण्यातील कारखान्यातून ‘टाटामोबाइल २०६’ हे पिकअप बाजारात आणले. तथापि जिल्ह्यातील ट्रेलरची मुख्य वाहतूक पिकअपने नव्हे, तर ट्रॅक्टरने होते. बारामती, इंदापूर, दौंड व जुन्नर तालुक्यांत गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकाच ट्रॅक्टरला जोडलेल्या दिसतात. अनेक ट्रॉल्यांना कार्यक्षम ब्रेक नसतात. उतारावर सर्व भार ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलर हे स्वतंत्र नोंदणीस पात्र वाहन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे ओढणीचा हूक किंवा ब्रेक यंत्रणा बसवण्यापूर्वी संबंधित प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे असते. पुणे शहरासाठी एमएच-१२, तर पिंपरी-चिंचवडसाठी एमएच-१४ ही नोंदणी मालिका आहे. वाहनांच्या प्रमाणीकरणासाठी चाचणी घेणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि भोसरी येथील सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट या दोन पुण्यात आहेत.

मर्यादा

नियंत्रकामुळे वाहनाची ओढण्याची क्षमता वाढत नाही. उत्पादकाने ठरवलेली भारमर्यादा, सांगाड्याची मजबुती आणि हूकची क्षमता यांपैकी जी सर्वांत कमी, तीच संयुक्त वाहनाची मर्यादा ठरते. घाट उतरताना खालचा गिअर वापरून इंजिनाच्या रोधाने वेग आवरणे आणि ब्रेक अधूनमधून लावणे नियंत्रक असतानाही आवश्यक असते.