बी मातीतच असते

मे महिन्यात खारघरच्या डोंगराकडे पाहिले की वाटते, इथे आता काही उगवायचे नाही. सगळा उतार करपलेला. पण जूनचा दमदार पाऊस पडला की थोड्याच दिवसांत तोच उतार हिरवागार होतो. ते गवत कुणी पेरलेले नसते. बी मातीतच असते. एचआयव्ही शरीरात कसा लपतो हे समजून घेताना हा डोंगर ध्यानात ठेवा.

आपल्या रक्तातील सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी या शरीराच्या संरक्षणाच्या पेशी. विषाणू नेमका त्यांच्यातच शिरतो. आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या डीएनएमध्ये बसवून टाकतो. मग पेशी नवे विषाणू बनवू लागते आणि बहुधा काही दिवसांतच मरते. मात्र थोड्या पेशी मरण्याआधी शांत होतात. रोगजंतूंची ओळख वर्षानुवर्षे जपणे हे त्यांचे काम. म्हणून त्या स्मृतिपेशी. पेशी निजली की तिच्यातला विषाणूही निजतो.

अडचण इथेच आहे. एआरटीच्या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात. जो वाढतच नाही, त्याला त्या काय रोखणार? बाहेरून ही पेशी निरोगी पेशीसारखीच असते, त्यामुळे प्रतिकारशक्तीलाही ती ओळखता येत नाही. शिवाय पेशीचे विभाजन झाले की आतल्या विषाणूचीही नक्कल होते.

उपचार नीट चालू असतानाही अशा पेशी उरतात, हे शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवले. विश्रांती घेणाऱ्या दहा लाख सीडी-४ पेशींमागे जेमतेम एखादी. पण त्या इतक्या सावकाश घटतात की, त्या संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील, असा अंदाज २००३ मध्ये मांडला गेला. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एका बाळाला जन्मानंतर काही तासांतच औषधे सुरू केली होती. पुढे ती बंद पडली. सत्तावीस महिने विषाणू सापडला नाही. २०१४ मध्ये तो पुन्हा दिसला.

आता तुर्भ्याच्या बाजारात पहाटेपासून राबणारा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. तब्येत ठणठणीत, वजन वाढलेले, तपासणीत ‘विषाणू आढळला नाही’. औषध आणायला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्याला वाटते, झालो बरा. आता कशाला गोळ्या? पण अहवाल रक्तापुरता बोलतो. गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू परततो. वरचेवर खंड पडला तर औषधांना दाद न देणारा विषाणूही तयार होऊ शकतो.

मग त्या अहवालाला अर्थ नाही का? जरूर आहे. विषाणू सतत असा दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही आणि माणूस दीर्घकाळ उत्तम जगतो. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून ही औषधे मोफत मिळू लागली.

बीसुद्धा नष्ट झाल्याची उदाहरणे आहेत, पण मोजकी. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांच्यावर रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये मूलपेशींचे प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशींत हा विषाणू शिरू शकत नव्हता. ब्राऊन एचआयव्हीमुक्त झाले. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्येही कर्करुग्णांवर प्रत्यारोपण होते. पण ते जिवावर बेतू शकणारे, म्हणून केवळ एचआयव्हीसाठी करत नाहीत.

तेव्हा गोळी जड वाटू लागली, तर आधी एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाशी बोला. आपल्या मनाने ती बंद करू नका.