बालकादंबऱ्यांतील मैत्री आणि दैव

मुलांनीं कादंबऱ्या वाचाव्यात कीं नाहीं, हा वाद आपल्या घरांतून फार जुना आहे. त्यांतून कादंबरी जादूटोण्याची असली कीं वडील माणसांच्या कपाळाला आठी पडतेच. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेच्या हॅरी पॉटरविषयींच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या काळांत प्रसिद्ध झाल्या. त्यांचीं मराठी भाषांतरेंही निघालीं. कथेच्या मुळाशीं एक भविष्यवाणी असल्यामुळें या पुस्तकांनीं मुलें दैववादी होतील, अशी भीति कित्येक पालकांस वाटते. ज्या घरांत मूल नापास झालें कीं त्याच्यादेखत ‘याच्या नशिबींच विद्या नाहीं’ असें म्हटलें जातें, तेथें तर हा प्रश्न अवश्य विचारांत घेतला पाहिजे.

ती भविष्यवाणी आपल्या वाचकांस परकी वाटूं नये. भागवताच्या दशम स्कंधांत, देवकीचा रथ स्वतः हांकणाऱ्या कंसास अशरीरिणी वाणी ऐकूं येते कीं, हिचा आठवा गर्भ तुझा वध करील. भयानें त्यानें जीं जीं कृत्यें केलीं, त्यांनींच त्याचा शत्रु घडविला. रोलिंगबाईंचा दुष्ट मांत्रिक व्होल्डेमॉर्ट त्याच जातीचा. सातवा महिना सरतांना जन्मणारें एक मूल आपणांस जिंकण्याचें सामर्थ्य घेऊन येणार, एवढा पूर्वार्धच त्याच्या कानीं पडतो. तो स्वतःच त्या मुलास आपल्या तोडीचें ठरवील, हा उत्तरार्ध त्यास कळतच नाहीं. वर्णन दोन मुलांस लागू होतें: एक हॅरी, दुसरा नेव्हिल. तो हॅरीस निवडतो, त्याचे आईबाप मारतो, आणि आपला काळ आपल्याच हातांनीं निर्माण करतो. आईनें प्राण देऊन मुलास दिलेलें संरक्षण त्याच्या हिशेबांतच नसतें.

२००५ सालच्या सहाव्या भागांत वृद्ध मुख्याध्यापक डम्बलडोर हॅरीस हेंच समजावून देतात. खऱ्या न ठरलेल्या भविष्यवाण्याही आहेत. या वाणीस बळ आलें तें शत्रूनें तीवर विश्वास ठेवल्यामुळें. पाठ फिरविण्यास हॅरी मोकळा आहे. तरी तो लढणार, कारण तशी त्याची स्वतःची इच्छा आहे. रणांत ओढलें जाणें आणि मान ताठ ठेवून आपण होऊन जाणें, यांतील भेद बालवाचकास येथें कळतो. हा दैववाद खास नव्हे.

परंतु आपण होऊन जाण्याचें हें बळ पोरक्या मुलास येतें कोठून? मित्रांकडून. पहिल्या भागांत रॉन बुद्धिबळाच्या पटावर स्वतःचा बळी देऊन हॅरीस वाट मोकळी करून देतो. हर्मायनी तर्कानें कोडें सोडविते. सातव्या भागांत हाच रॉन रागावून मित्रांस सोडून जातो. पण परत येतो, आणि गोठलेल्या डोहांतून हॅरीचे प्राण वांचवितो. रुसून परतणारा मित्रही मित्रच, हें मुलांस सांगणें आम्हांस फार मोलाचें वाटतें. उलट व्होल्डेमॉर्टजवळ अनुयायी पुष्कळ, मित्र एकही नाहीं.

आपल्या वाङ्मयांत मैत्रीचें नांव निघालें कीं कर्ण आठवतो. भर सभेंत हिणविल्या गेलेल्या कर्णास दुर्योधनानें अंगदेश दिला, आणि त्या उपकाराखालीं कर्ण जन्मभर राहिला. त्याची निष्ठा अपूर्व. पण मित्रास अधर्मापासून परतविण्यास ती उपयोगी पडली नाहीं. या कादंबऱ्यांतील भित्रा नेव्हिल मात्र पहिल्याच भागांत, शाळेचा नियम मोडूं पाहणाऱ्या आपल्याच मित्रांच्या आडवा येतो, आणि मुख्याध्यापक त्याबद्दल त्याच्या गटास दहा गुण देतात. दैवानें वगळलेला हाच मुलगा अखेरच्या युद्धांत, ज्या सर्पिणीच्या ठायीं शत्रूच्या आत्म्याचा अंश दडला आहे, तिचा शिरच्छेद करतो.

अनुशासनपर्वांत पुरुषकारास क्षेत्राची व दैवास बीजाची उपमा दिली आहे. क्षेत्रावांचून बीज निष्फळ. शिक्षकाच्या पेशांत आम्हीं हें वारंवार पाहिलें कीं, मागें पडलेलें मूल शेजारीं चांगला सोबती लाभला म्हणजे पुष्कळदां सांवरतें. तेव्हां पालकांनीं हीं पुस्तकें मुलांच्या हातून काढून न घेतां त्यांजबरोबर वाचावीं, आणि कंस व व्होल्डेमॉर्ट यांची चूक कोणती, हें मुलांकडूनच वदवून घ्यावें. आणि गुणपत्रिका हातीं येईल त्या दिवशीं नशिबाचें नांव न काढतां, मुलाचे मित्र कोण आहेत, हें प्रथम विचारावें.