कुणी न खाल्लेलं फळ

फणस, वड, उंबर आणि तुती यांच्या कुळातलं एक काटेरी झाड अमेरिकेत आहे. नाव ऑसेज ऑरेंज, पण संत्र्याशी त्याचं काही नातं नाही. फळ चांगलं मुठीएवढं, कधी त्याहून मोठं. हिरवट-पिवळं, वरून खडबडीत. कापलं की फणसासारखा चीक हाताला चिकटतो. माणूस ते खात नाही, गुरंही फारशी फिरकत नाहीत. खारी तेवढ्या फळ कुरतडून बिया काढतात.

मग एवढं जड फळ झाड धरतं कुणासाठी? हिमयुगात नामशेष झालेले मॅस्टोडॉनसारखे अजस्र प्राणी ते खाऊन बिया दूरवर नेत असावेत, असं काही शास्त्रज्ञ मानतात. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्कच. युरोपीय लोक आले तेव्हा हे झाड प्रामुख्याने टेक्सास, ओक्लाहोमा आणि आर्कान्साच्या छोट्याशा टापूत उरलं होतं, हे मात्र खरं.

त्याला तिथून बाहेर काढलं ते माणसांनी, आणि फळासाठी नव्हे. लाकूड पिवळंधमक, चिवट आणि लवचीक. ऑसेज आणि इतर आदिवासी त्याची धनुष्यं करत. १८११ मध्ये जॉन ब्रॅडबरी हा वनस्पतिसंग्राहक मिसुरी नदीकाठी अरिकारा आदिवासींच्या वस्तीत गेला, तेव्हा अशा एका धनुष्याची किंमत होती एक घोडा आणि एक घोंगडी!

पुढे गवताळ प्रदेशात शेती पसरली. कुंपणाला लाकूड मिळेना. इलिनॉयमधले प्राध्यापक जोनाथन बाल्डविन टर्नर यांनी या झाडाचा जोरदार प्रचार केला. रोपं दाटीने लावायची, छाटायची, फांद्या एकमेकींत गुंतवायच्या. चारेक वर्षांत डुकरालाही घुसता येणार नाही असा काटेरी बांध तयार.

१८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि या जिवंत कुंपणाची गरज संपली. झाड मात्र सुटलं नाही. तार ताणायला खांब लागतात, आणि जमिनीत वर्षानुवर्षं न कुजणारं लाकूड याच झाडाचं! पहिल्या महायुद्धात त्याच्या रंगाने सैनिकांचे खाकी कपडेही रंगले.

आता शहरांतल्या बागांसाठी बिनकाट्यांचे नर वाण विकले जातात. नर झाडाला फळ धरत नाही, त्यामुळे खाली पडलेली फळं वेचायचा त्रासही नाही.