यीस्ट जिवंत असतं का? चार बाटल्या आणि चार फुगे



पाव, बन आणि टोस्ट करणाऱ्या गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. "पीठ फुगलंच नाही, आता काय?" दहा किलो मैदा वाया गेला की त्या आठवड्याचा नफा गेला. आणि मग हळूच दुसरा प्रश्न येतो, "कुणाला अडचण होती का? कुणी शिवलं का?" जिची पाळी असते तिला कामावरून बाजूला बसवतात. तिची चार दिवसांची मजुरी बुडते, आणि पीठ बिघडल्याचा दोषही तिच्याच माथी. म्हणून पीठ नक्की कशाने फुगतं, हे आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

शाळेत मुलं यासाठी एक सोपा प्रयोग करतात. सारख्या आकाराच्या चार लहान बाटल्या घ्या. प्रत्येकीत अर्धा कप कोमट पाणी घाला. मग,

पहिलीत : एक चमचा यीस्ट आणि दोन चमचे साखर.
दुसरीत : एक चमचा यीस्ट, साखर नाही.
तिसरीत : दोन चमचे साखर, यीस्ट नाही.
चौथीत : कोमट पाण्याऐवजी, यीस्ट पाण्यात चांगलं उकळून, ते कोमट झाल्यावर घाला. वर दोन चमचे साखर.

चारही बाटल्यांच्या तोंडाला फुगा बसवा आणि एकाच उबदार जागी ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात पहिल्या बाटलीत फेस येतो आणि फुगा उभा राहतो. दुसरीचा फुगा जवळपास तसाच राहतो. तिसरी आणि चौथीचे फुगे पडलेलेच.

आता एकेक बाटली बोलते काय ते बघू. तिसरी सांगते, नुसत्या साखरेने काही होत नाही. दुसरी सांगते, यीस्टला खायला लागतं. चौथी सांगते, उकळलं की ते काम करत नाही. प्रत्येक बाटलीत आपण एकच गोष्ट बदलली, म्हणून कारण नेमकं सापडलं. यीस्ट साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू आणि थोडं अल्कोहोल तयार होतं. हाच वायू पिठात अडकतो आणि पाव हलका होतो. अल्कोहोल भट्टीच्या उष्णतेने बरंचसं उडून जातं.

पण एखादी ताई विचारेल, "सोड्यात लिंबू पिळलं तरी फेस येतो, मग सोडा पण जिवंत का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. नुसता वायू निघाला म्हणून वस्तू जिवंत ठरत नाही. 1897 मध्ये एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर वायू निघाला. त्या कामासाठी त्यांना 1907 चं नोबेल मिळालं.

मग खरी खूण कोणती? वाढणं. सोड्याचा फेस एकदा बसला की संपला. यीस्ट मात्र अनुकूल वातावरणात दीड-दोन तासांत दुप्पट होऊ शकतं. म्हणूनच पूर्वीचे पाववाले कालच्या पिठाचा गोळा राखून आजच्या पिठात घालत, आपण विरजण राखतो तसंच. (विरजणातले जीव वेगळे, ते जिवाणू. यीस्ट ही बुरशीच्या, म्हणजे अळंबीच्या घराण्यातली.) 1837 मध्ये थिओडोर श्वान यांनी सूक्ष्मदर्शकातून यीस्टच्या एका पेशीला कळी फुटून दुसरी पेशी होताना पाहिली. तेव्हा यीस्ट जिवंत आहे, यात शंका नाही.

जिवंत आहे म्हणजे ते मरतंही. साधारण 55 ते 60 अंशांच्या पाण्यात यीस्ट मरतं, मग कितीही वाट बघा, पीठ फुगत नाही. म्हणून गटात एवढं पाळा :

• पाणी तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकंच कोमट हवं. बोटाला चटका बसला तर थांबा.
• मैदा भिजवण्याआधी यीस्ट, साखर आणि थोडं कोमट पाणी वाटीत कालवून दहा मिनिटं ठेवा. फेस आला तरच पिठात घाला. नाही आला तर तेवढं यीस्ट गेलं, दहा किलो मैदा वाचला.
• मीठ थेट यीस्टवर टाकू नका, ते मैद्यात मिसळा.
• पाकिटावरची तारीख बघा. फोडलेलं पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, जमलं तर फ्रीजमध्ये ठेवा.
• थंडीत पीठ उबेला ठेवा आणि जास्त वेळ द्या.

आता शिवण्याच्या गोष्टीकडे येऊ. पुढच्या मासिक बैठकीत पहिल्या बाटलीसारख्याच दोन बाटल्या करा. एक पाळी चालू असलेल्या ताईने स्वखुशीने भरावी, दुसरी इतर कुणी. हात दोघींनी साबणाने धुवावेत, पाणी एकाच पातेल्यातलं घ्यावं. दोन्ही फुगे सारखेच वर येतील. यीस्टला ऊब कळते, साखर कळते. बाईची पाळी कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पीठ बसलं, तर आधी पाण्यात बोट घालून बघा आणि पाकिटाची तारीख वाचा. कुणाची मजुरी कापायचं कारण त्यात सापडणार नाही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक